शाळा वाचवायला मुलगा पणाला लावू का?

प्रिय बाई,

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, मुख्य गावापासून बरीच वर आहे. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. वाडीतल्या जुन्या माणसांनी चिरे डोक्यावरून वाहून ती बांधली, असं सासूबाई सांगतात. यंदा पट अकरा आहे. गुरुजी एकटेच. दुसऱ्या बाईंची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. वाडीतली पाच मुलं पिवळ्या गाडीतून चौदा किलोमीटरवरच्या इंग्रजी शाळेत जातात. माझी मुलगी तिसरीत आहे, ती वाडीच्याच शाळेत. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून जानेवारीत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. आता शाळा बंद होणार, असं कानावर येतंय. मुलगा जूनमध्ये पहिलीला जाईल. मिस्टर मुंबईला असतात. ते म्हणतात, मुलाला इंग्रजीतच घालायचं. मी त्याला तिकडे पाठवलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तुमची पोरं इथे ठेवा? आणि इथे घातलं नि शाळा बंद पडली तर? शाळा वाचवायला मी मुलाला पणाला लावू का?

— एक आई

—

प्रिय मैत्रिणी,

नाही. पणाला लावू नकोस. शाळा मुलांसाठी असते, पट भरून काढायला मुलं नसतात. तुझ्या मुलाला वाडीच्या शाळेत घालायचं असेल तर त्याला एकच कारण पुरेसं आहे, तो तिथे शिकेल. ते कारण खरं आहे की नाही, हे आपल्याला शोधायचंय. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

पण त्याआधी एक गोष्ट बोलते, कारण पत्र वाचल्यापासून ती मनातून जात नाहीये. तुझी मुलगी तिसरीत आहे हे तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तिला गावची शाळा आणि मुलाला इंग्रजी, असं घरात ठरतंय, आणि ते कुणी मुद्दाम ठरवलेलंही नाही. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, शेवटची काही केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारी, म्हणून. पट कमी होत गेलेल्या शाळांचे हजेरीपट मी पाहिलेत. आधी मुलगे जातात. मुली मागे राहतात, आणि मग त्यांच्याही शाळेचा पट कमी म्हणून ती शाळा बंद करायचा विषय निघतो. वाडीची शाळा मुलाला पुरेशी नसेल तर ती मुलीलाही पुरेशी नाही. आणि मुलीला पुरेशी असेल, तर मुलाच्या बाबतीत नेमकी अडचण काय आहे, हे मिस्टरांना शांतपणे विचार. भांडण म्हणून नव्हे. त्यांच्याकडे उत्तर असेल तर ते ऐकण्यासारखंही असेल.

आता, शिकेल की नाही ते कसं कळणार? तुझ्या घरातच पुरावा आहे. आज रात्री जेवणं झाली की मुलीला जवळ घे. तिने कधी न पाहिलेला एखादा मजकूर तिच्या हातात दे. पेपरातली छोटी बातमी चालेल, तांदळाच्या पिशवीवर छापलेलं चालेल. वाचून झालं की विचार, काय लिहिलंय सांग बरं तुझ्या शब्दांत. मग हातच्याची एक वजाबाकी घाल, समज, ५२ रुपयांतून २७ गेले. तिसरीच्या मुलीने अडखळत का होईना वाचलं, अर्थ सांगितला आणि वजाबाकी मांडली, तर तुमचे गुरुजी एकटे असूनही काम करताहेत. नाही जमलं, तर घाबरू नकोस आणि तिला रागावूही नकोस. समितीच्या पुढच्या सभेत कुठल्या विषयाने सुरुवात करायची, ते तुला कळलं एवढंच.

हेच त्या पिवळ्या गाडीतल्या मुलांच्या आयांनाही करून बघायला सांग. त्यांना कमी दाखवायला नको, खरोखर माहीत करून घ्यायला. ज्या घरात इंग्रजी कुणी बोलत नाही, तिथलं सहा वर्षांचं मूल इंग्रजी धडा घडाघडा म्हणून दाखवतं. आईचे डोळे भरून येतात, ते मी समजू शकते. पण धड्यात काय आहे ते त्याला विचारलं की ते गप्प होतं. तीच गोष्ट मराठीत सांगितली तर दहा प्रश्न विचारतं. शिक्षण हक्क कायद्यात शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलंय, त्यामागे हेच साधं निरीक्षण आहे. आणि वाडीच्या शाळेत इंग्रजी नाही, असं थोडंच आहे? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. तो नीट शिकवला जातो का, हा प्रश्न वेगळा. तो समितीने विचारायचा आहे. वाचन मराठीत पक्कं झालेलं मूल पाचवीत इंग्रजी झपाट्याने उचलतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही एकशिक्षकी शाळेबद्दल मी तुला गोड गोड सांगणार नाही. चार वर्ग आणि एक माणूस. गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला देतात, तेवढ्यात चौथीचं गणित अडतं. मध्येच पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, तालुक्याहून मागितलेली माहिती भरायची, महिन्यातून एकदोन दिवस मीटिंग. त्या दिवशी शाळा कुणाच्या भरवशावर? अकरा मुलांत प्रत्येकाचं नाव, घर, आजारपण गुरुजींना माहीत असतं, हे मोठं सुख आहे, आणि चांगला शिक्षक चारही वर्ग गटात बसवून मोठ्यांकडून लहानांना शिकवून घेतो, तेव्हा ते बघत राहावंसं वाटतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, शिक्षकांनी वर्ग जमिनीवर आणला, फरशीवर आकडे आणि अक्षरं काढली, मुलांना एकमेकांकडून शिकू दिलं. राज्यभरातले शिक्षक ते बघायला जात होते. पण हे करायलाही दुसरा हात लागतो.

आणि तो दुसरा हात तुमच्या शाळेचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, पहिली ते पाचवीत साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. अकरा असली तरी दोन. पट कमी म्हणून एकच शिक्षक, असं तुला तोंडी कुणी सांगितलं तर ते लेखी मागायचं.

आता अध्यक्षपदाकडे येऊ. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून तुला केलं, असं तू लिहितेस. कसंही झालेलं असो, त्या खुर्चीला अधिकार आहे. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात. मुख्याध्यापक सचिव असतात, अध्यक्ष पालकांतून. शाळेचा विकास आराखडा करणं, मिळालेला पैसा कशावर खर्च होतो ते पाहणं, ही समितीची कामं. बऱ्याच ठिकाणी गुरुजी वही घेऊन घरोघर फिरतात आणि सदस्य सही करून देतात. गुरुजींना तरी काय दोष देणार, शेतीच्या दिवसांत सभेला कोण येतं? पण तू यापुढे सभा खरोखर घे. संध्याकाळी घे, भात लावणीच्या दिवसांत पाऊस थांबेल तेव्हा घे, पण शाळेच्या ओट्यावर बसून घे.

पहिल्या सभेत एकच ठराव कर, दुसऱ्या शिक्षकाचं रिक्त पद भरावं, आणि तोवर कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता, शिक्षक द्यावा. ठरावाची प्रत जोडून अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, आणि एक प्रत जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना (प्राथमिक). अर्ज टपालाने टाकू नकोस, पंचायत समितीत जाऊन दे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. एकटी जाऊ नकोस. चार बाया जा. एक बाई गेली तर तिला ‘साहेब मीटिंगला गेलेत’ असं सांगतात. चार गेल्या तर खुर्च्या देतात. पंधरा दिवसांनी परत जाऊन आवक क्रमांक सांगून विचार. गुरुजींना हे आधी सांग मात्र. त्यांच्याविरुद्ध काही चाललंय, असं त्यांना वाटता कामा नये. खरं तर सगळ्यात जास्त सुटका त्यांचीच होणार आहे.

शाळा बंद होण्याच्या बातमीबद्दल. ही भीती तुझ्या वाडीपुरती नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत मिसळायचं ठरलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्यासाठी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागवले गेले. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं समोर ठेवली होती. वीसच्या आतल्या शाळा तेव्हा १४ हजारांहून जास्त निघाल्या, आणि त्यांत कोकणातल्या वाड्यांवरच्या कितीतरी. मोठ्या शाळेत मुलांना सोबती मिळतात, वर्गाला एक शिक्षक मिळतो, प्रयोगाचं सामान, मैदान मिळतं. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारून आपण कुठे पोचणार नाही. माझा विरोध एकत्र शाळेला नाही. मूल तिथवर पोचेलच असं धरून चालतात, त्याला आहे.

यात माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. केंद्रप्रमुख असताना सात पटाची एक शाळा शेजारच्या वाडीच्या शाळेत समायोजित करण्याचा विषय निघाला. अंतराचा अहवाल मला द्यायचा होता. मी नकाशावरून, आणि मार्चमध्ये एकदा चालून जाऊन लिहिलं, एक किलोमीटरच्या आत. खोटं नव्हतं ते. पण मार्चमध्ये मधला पऱ्या कोरडा असतो. जुलैत तो कमरेएवढा होता, आणि साकव आदल्या वर्षीच वाहून गेला होता. सातातली पाच मुलं कुणी ना कुणी खांद्यावरून पोचवली. दोघी बहिणी होत्या, त्यांचे वडील मुंबईला आणि आई एकटी. त्या दोघी श्रावण संपेपर्यंत घरीच राहिल्या. धाकटी पहिलीत होती. गणपतीनंतर ती आली तेव्हा बाकीची मुलं शब्द वाचत होती आणि ती पाटीकडे बघत बसली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्या एका आकड्याने ते झालं.

म्हणून तुला सांगते, अंतर जुलैत मोज. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. केंद्राच्या २०१० च्या नियमांत याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. वाट अवघड असेल, दरडीचा किंवा पुराचा धोका असेल, रस्ता नसेल, तर ती मर्यादा कमी करून शाळा मुलाला धोका होणार नाही अशा ठिकाणी ठेवावी, असं त्यांत म्हटलंय. तेव्हा भर पावसात, मुलाचा हात धरून, शेजारच्या शाळेपर्यंत चालत जा. किती वेळ लागला, कुठे पाणी आलं, कुठे दरड आहे, कुठे गवा किंवा बिबट्या दिसल्याचं लोक सांगतात, ते तारखेसह वहीत लिही. मोबाइलवर फोटो काढ. समितीचा ठराव, ग्रामसभेचा ठराव आणि ही वही, एवढं तुझ्या हाताशी असेल तर पुढच्या केंद्रप्रमुखाला माझ्यासारखा अहवाल लिहिता येणार नाही.

पटाचं गणितही समजून घे. ३० सप्टेंबरचा पट धरून शिक्षकांची संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. जूनच्या उत्साहाला तिथे किंमत नाही. ३० सप्टेंबरला वर्गात बसलेली मुलं मोजली जातात, आणि आधार नोंद बरोबर असलेली. कितीतरी वाड्यांवर मूल रोज शाळेत असतं, पण आधारवरचं नाव चुकलंय म्हणून ते मोजणीत धरलं जात नाही. हे एप्रिल-मेमध्येच तपासून घे. अंगणवाडी सेविकेकडे जाऊन बस. तिच्या वहीत पुढच्या तीन-चार वर्षांची सगळी मुलं आहेत. यंदा पहिलीला येण्याजोगी किती, पुढच्या वर्षी किती, ते काढ. चौथीची मुलं जातील तेवढी वजा कर. वाडीत मुलंच नसतील तर ते तुला आत्ताच कळलेलं बरं. मुलं आहेत पण ती पिवळ्या गाडीत बसताहेत, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर काही करता येतं.

त्या पाच घरांशी बोलताना ‘शाळा वाचवा’ असं म्हणू नकोस. कुणीही आपलं मूल शाळा वाचवायला देत नाही, द्यावंही नाही. त्यांना विचार, काय मिळालं तर तुम्ही इथे ठेवाल? बहुतेक तीनच गोष्टी येतील. दुसरा शिक्षक, इंग्रजी, आणि आपलं मूल मागे पडणार नाही याची खात्री. हीच यादी समितीचा आराखडा. सेमी इंग्रजी हवं असेल तर त्याचा ठराव समितीतूनच जातो. पण इंग्रजीतून गणित शिकवणारा शिक्षक हाताशी नसताना तो करू नका, नुसती पाटी बदलून उपयोग नाही.

वाडीतल्या सगळ्यांना पुण्याच्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरचं उदाहरण जरूर सांग. काही वर्षांपूर्वी तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. गावकरी आणि शिक्षक एकत्र आले, शाळा शंभराच्या पुढे गेली आणि २०२५ साली जागतिक पातळीवरच्या शाळांच्या पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार तिला मिळाला. पण ते जसंच्या तसं आपल्याकडे होईल असं मनात धरू नकोस. तीन मुलांच्या वस्तीत शंभर मुलं जन्मत नाहीत, ती आजूबाजूहून यावी लागतात, आणि तुझ्या वाडीभोवती डोंगर आहे. तुमची शाळा बारा-पंधरा मुलांची चांगली शाळा होऊ शकते. मला ते पुरेसं वाटतं.

कोकणाकडे मात्र एक गोष्ट आहे जी दुसरीकडे नाही. तुमच्या वाडीचं मुंबईत मंडळ असेलच. देवळाचा कळस, सभामंडप, पालखीतली देवाची रूपं, यासाठी ते किती आपुलकीने वर्गणी काढतात हे तू पाहिलंयस. शिमगा तोंडावर आहे. सगळे येतील. पालखी वाडीत आली की त्यांच्यापुढे शाळेचा विषय ठेव, आणि मोघम ठेवू नकोस. छपराची कौलं किती फुटलीत, गोष्टीची पुस्तकं किती हवीत, मदतनीस म्हणून वाडीतल्या डी.एड. झालेल्या मुलीला महिन्याला किती द्यावे लागतील, असे आकडे ठेव. त्यातले कितीजण त्याच ओट्यावर बसून बाराखडी शिकलेत! पैसे रोख घेऊ नका, समितीच्या खात्यात घ्या आणि पावती द्या, नाहीतर वर्षभरात वाडीत दोन तट पडतील.

तुझे मिस्टरही तेव्हा येतील. त्यांच्याशी बोलायला मी तुला वाद देत नाही, एक दिवस देते. शिमग्यानंतरचा पहिला शाळेचा दिवस त्यांना थांबवून घे. सकाळी परिपाठापासून शाळेत बसू दे त्यांना. गुरुजींची परवानगी घे. मुंबईत राहणारा बाप मुलाच्या शाळेबद्दल जे ठरवतो ते काळजीपोटी ठरवतो, स्वतःला इंग्रजी नाही आलं म्हणून तिथे जे सोसलं ते मुलाला सोसायला लागू नये, म्हणून. त्या काळजीचा मान ठेव. आणि मुलीकडून त्यांच्यासमोर ती पेपरातली बातमी वाचून घे.

माझं मत विचारशील तर, मुलीचं वाचन बरं निघालं तर मुलाला वाडीच्याच शाळेत घाल. सहाव्या वर्षी रोज जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर घाटातून, झोप आणि खेळ गमावून, हे मला पटत नाही. पण स्वतःला एक तारीख दे. दुसरीच्या दिवाळीपर्यंत तो साधी गोष्ट वाचून समजून घेत नसेल, दुसरा शिक्षक आलेला नसेल आणि समितीचे अर्ज नुसते पडून असतील, तर त्यालाही दुसरीकडे घाल; मुलगी तोवर चौथी संपवून वाडीच्या शाळेतून बाहेर पडलेलीच असेल. अध्यक्षपदाचा राजीनामा दे आणि मान खाली घालू नकोस. तोपर्यंत तू जे केलंस ते वाडीतल्या कुणीही केलेलं नसेल.

आणि शाळा मध्येच बंद झाली तर? मुलाचं वर्ष वाया जात नाही. दाखला जवळच्या शाळेत जातो, आणि तिथवर न्यायची सोय करणं हे सरकारचं काम आहे, तेही तू लेखी मागशील. पहिलीत मराठीत वाचायला शिकलेलं मूल कुठल्याही शाळेत गेलं तरी ते शिकलेलं बरोबर घेऊन जातं.

पुढचं पत्र लिहिशील तेव्हा मुलीच्या हातची चार वाक्यं सोबत पाठव. विषय तिला निवडू दे, आणि चुका सुधारू नकोस.

तुझी,
बाई